सुटकेची प्रार्थना आणि बंद करायला सांगितलेल्या गोळ्या

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आमची इव्हँजेलिकल (बायबलच्या वचनाला सर्वोच्च मानणारी प्रॉटेस्टंट) मंडळी लहान आहे, पण तिच्यात चार-पाच देशांतून आलेले विश्वासणारे आहेत. मंडळीतला एक तरुण विद्यार्थी गेले काही महिने नीट झोपलेला नाही. वारलेल्या आजोबांचा आवाज ऐकू येतो आणि ते आपल्यावर रागावतात, असे तो सांगतो. डॉक्टरांनी त्याला गोळ्या सुरू केल्या आहेत. आमच्या प्रार्थना गटाचे प्रमुख ज्या देशातून आले, तिथे सुटकेच्या, म्हणजे माणसातून दुरात्मे काढण्याच्या, सभा नेहमीच्या आहेत. त्यांच्या मते हा पूर्वजांच्या पूजेतून घराण्यात शिरलेला दुरात्मा आहे. मुलाने गोळ्या थांबवाव्यात, तीन दिवस उपास करावा आणि शुक्रवारी रात्रभर आपण सर्वांनी त्याच्यावर प्रार्थना करावी, असे त्यांनी ठरवले आहे. मंडळीतले दुसरे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की भुते फक्त मागासलेल्या समाजात दिसतात, शिकलेल्या देशांत ती नसतात. मुलगा घाबरलेला आहे आणि दोघांचेही मुकाट्याने ऐकतो. मी नकार दिला तर माझा विश्वास उणा ठरेल का? दुरात्मे देशादेशांत वेगळे असतात का?

प्रिय भगिनी,

तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न मोठे आहेत, पण त्यांच्याआधी शुक्रवारपूर्वी मिटवायची एक गोष्ट आहे. त्या मुलाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. अशा आजारावरचे औषध एकाएकी थांबवले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. झोप न मिळाल्यानेही भास वाढतात, आणि हा मुलगा तर कित्येक महिने नीट झोपलेलाच नाही. औषध नाही, पोटात अन्न नाही आणि वर रात्रभराचे जागरण, अशा स्थितीत तो किंचाळू लागला, आपल्या माणसांना ओळखेनासा झाला किंवा कुणाच्या अंगावर धावून गेला, तर खोलीतल्या प्रत्येकाला तो दुरात्मा उघड झाल्याचा पुरावा वाटेल. तो पुरावा त्या रात्रीच्या योजनेनेच निर्माण केलेला असू शकतो, आणि त्या वेळी दोन्हींतला फरक ओळखणे गटप्रमुखांना, तुम्हाला किंवा मला शक्य होणार नाही. आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करायला सांगतात का, हेही त्याला आजच स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर शुक्रवारची वाट न पाहता त्याला रुग्णालयात घेऊन जा आणि तोवर त्याला एकटे सोडू नका.

आता विश्वासाचा प्रश्न. दुरात्मे आहेत की नाहीत, याचा निकाल या सदरातून लागणार नाही आणि तुम्ही तो मागितलेलाही नाही. तुमच्या मंडळीची श्रद्धा पवित्र शास्त्रावर उभी आहे, तेव्हा शुक्रवारची योजना त्याच शास्त्राच्या कसोटीला उतरते का, ते पाहू. गटप्रमुखांच्या मनात बहुधा मार्काच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला भूतग्रस्त मुलगा असणार, ज्याला शिष्य बरे करू शकले नाहीत आणि ज्याच्याबद्दल येशूने सांगितले की ही जात प्रार्थनेशिवाय निघत नाही. तिथे ‘उपास’ हा शब्दही वाचला जातो, पण काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत तो आढळत नाही. तो मूळचाच आहे असे धरले, तरी ते वाक्य शिष्यांना उद्देशून आहे. त्या आजारी मुलाला कुणी उपाशी ठेवलेले नाही. आजाऱ्याला उपाशी ठेवायचे आणि प्रार्थना करणाऱ्यांनी जेवून यायचे, हा त्या वचनाचा उलटा अर्थ झाला. त्याच प्रसंगात येशू बापाला विचारतो की याला असे किती दिवसांपासून होते आहे. लोक धावत जमू लागलेले पाहून तो थोडक्या शब्दांत आज्ञा करतो आणि मग मुलाचा हात धरून त्याला उठवतो. त्या वर्णनात रात्रभराचा आरडाओरडा नाही आणि बघ्यांच्या गर्दीला उत्तेजनही नाही.

शुभवर्तमानांना, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांना, आजार आणि भूतबाधा यांतला फरक माहीत आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती अशी रोग्यांची वेगवेगळी नावे येतात. योहानाच्या संपूर्ण शुभवर्तमानात भूत काढल्याचा एकही प्रसंग नाही, तरी त्याला कुणी उणे मानत नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर प्रेषित पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्याने त्या दुखण्याला सैतानाचे नाव दिले नाही, ही गोष्ट औषधाला अविश्वास समजणाऱ्या उपदेशकांच्या नजरेतून नेहमी कशी निसटते, याचे मला नवल वाटते. तेव्हा गोळ्या चालू ठेवायला सांगितल्याने तुमचा विश्वास उणा ठरत नाही.

पूर्वजांच्या पूजेतून दुरात्मा घराण्यात आला, या म्हणण्याला बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या एका वचनाचा आधार दिला जातो. त्यात बापांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करणाऱ्या देवाचा उल्लेख आहे. मात्र यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायात तोच देव सांगतो की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आणि आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कुणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. गटप्रमुखांच्या कारणमीमांसेत मुलाची आई, त्याचे आजोबा आणि सगळे घर आरोपी ठरते, आणि त्यांच्यापैकी कुणीही उत्तर द्यायला तिथे नसेल. शुभवर्तमानांत भूतग्रस्तांना त्यांच्या घराण्याचा इतिहास कुणी विचारलेला नाही, त्यांना दोषही दिलेला नाही.

दुसरा प्रश्न देशादेशांतल्या दुरात्म्यांचा. इथे तुमच्या ज्येष्ठ सभासदांशी मी सहमत नाही, आणि गटप्रमुखांशीही नाही. शिकलेल्या देशांत भुते नसतात, हे इतिहासाला धरून नाही. जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गमधील म्योटलिंगेन या गावी योहान ब्लुमहार्ट नावाचे पाळक १८४२ आणि १८४३ ही दोन वर्षे एका तरुणीसाठी दुरात्म्यांशी अशीच झुंज देत होते. तिथूनच ‘येशू विजयी आहे’ हा उद्गार जर्मन भक्तिपरंपरेत रूढ झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरी या धर्मशिक्षणसंस्थेत १९८२ पासून पाळक जॉन विंबर यांनी चिन्हे आणि चमत्कारांवर अभ्यासक्रम शिकवला. पुढे तिथलेच प्राध्यापक पीटर वॅग्नर यांनी शहरांवर आणि प्रदेशांवर सत्ता गाजवणाऱ्या दुरात्म्यांची कल्पना मांडली आणि ती जगभर गेली. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायात देवदूताला अडवणारा ‘पारसाचा अधिपती’ (पारस म्हणजे इराण) हा त्या कल्पनेचा मुख्य आधार होता. त्यामुळे एखाद्या आफ्रिकी किंवा आशियाई मंडळीत आज ऐकू येणारी ‘आत्मिक युद्धा’ची भाषा पुष्कळदा अमेरिकेत घडून तिथवर पोचलेली असते, आणि ज्येष्ठ सभासद तिला मागासलेली म्हणतात तेव्हा त्यांना हा प्रवास ठाऊक नसतो. मानववंशशास्त्रज्ञ एरिका बोर्गिन्यों यांनी जगातल्या ४८८ समाजांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश समाजांत आत्मा अंगात शिरतो ही समजूत आढळली. एवढ्या समाजांची गोष्ट ‘मागासलेपण’ हा एक शब्द वापरून निकालात काढणे हा आळस आहे.

तरीही आत्म्यांवरचा विश्वास सर्वत्र आढळतो, म्हणून एखाद्या माणसाबद्दल केलेले निदान बरोबर ठरत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातले सॅन मातेओ, घानातले आक्रा आणि भारतातले चेन्नई या तीन ठिकाणी, प्रत्येकी वीस, अशा लोकांशी बोलून घेतले ज्यांना तीव्र मानसिक आजार होता आणि आवाज ऐकू येत होते. अमेरिकेतल्या लोकांना ते आवाज हिंसक हल्ल्यासारखे वाटत आणि ते त्यांना आपल्या बिघडलेल्या मेंदूची खूण मानत. आक्रातल्या अनेकांना देव बोलताना ऐकू येई, आणि चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नातेवाईक ऐकू येत, जे रागावत आणि कामेही सांगत. ऐकू कोण येते आणि ते काय बोलते, हे माणूस कुठल्या लोकांत वाढला यावर पुष्कळसे ठरते. म्हणून त्या विद्यार्थ्याला आजोबाच ऐकू येतात, यावरून खोलीत आजोबांचा आत्मा आहे किंवा आजोबांचे रूप घेतलेला दुरात्मा आहे, असे सिद्ध होत नाही. ज्याच्या घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मोठा असतो, त्याचे भय वडीलधाऱ्याच्या आवाजात बोलले, तर त्यात आश्चर्य नाही. यावर गटप्रमुख म्हणतील की दुरात्माही त्या घरच्याच भाषेत बोलणार, आणि श्रद्धेच्या चौकटीत ते म्हणणे मला खोडता येणार नाही. पण मग आवाज कुणाचा आहे ही गोष्ट दोन्हींकडून सारखीच लागू पडते, म्हणजे निदानाला तिचा काही उपयोग राहत नाही.

मिशनऱ्यांच्या इतिहासात या प्रश्नावर प्रामाणिक विचार झालेला आहे आणि तो तुमच्या कामी येईल. दक्षिण भारतात काम केलेले मिशनरी आणि मानववंशशास्त्रज्ञ पॉल हीबर्ट यांनी १९८२ मध्ये लिहिले की पाश्चात्त्य शिक्षणातून आलेल्या मिशनऱ्यांपाशी वरच्या थरातल्या प्रश्नांना, म्हणजे देव, तारण आणि अनंतकाळ यांना, उत्तर होते. खालच्या थरातल्या प्रश्नांना, म्हणजे जंतू, हवामान आणि शरीर यांना, विज्ञानाचे उत्तर होते. मधला थर मात्र त्यांच्या नजरेतूनच सुटला होता, ज्यात आत्मे, पूर्वज, दृष्ट, शाप आणि ‘हे माझ्याच वाट्याला का आले?’ हा प्रश्न येतो. मंडळीने या थराबद्दल मौन पाळले की विश्वासणारा रविवारी उपासनेला येतो आणि संकटाच्या दिवशी दुसरीकडे जातो. ज्येष्ठ सभासदांचे उत्तर नेमके याच मौनाचे उदाहरण आहे. मुलगा रात्री ज्याला घाबरतो त्याचे अस्तित्वच त्यांनी नाकारले, आणि त्यामुळे तो त्या भीतीसह एकटा उरला.

उलट बाजूची चूकही तितकीच जुनी आहे. आज घाना आणि टोगोमध्ये राहणाऱ्या एवे लोकांत १८४७ पासून जर्मन मिशनऱ्यांनी काम सुरू केले आणि तुमचे जुने देव म्हणजे सैतानाचे चाकर आहेत, असे शिकवले. मानववंशशास्त्रज्ञ बिर्गिट मायर यांनी दाखवून दिले की या शिकवणुकीमुळे जुने देव विस्मृतीत गेले नाहीत. ते खरे आहेत आणि आता ते शत्रू आहेत, असा त्यांचा नवा दर्जा ठरला, आणि त्यांच्यापासून सुटका करून देणाऱ्या मंडळ्यांची गरज पिढ्यानपिढ्या टिकली. पूजा थांबली, पण धाक राहिला. तुमच्या गटप्रमुखांच्या बोलण्यात हाच धाक असेल, तर त्याबद्दल त्यांची थट्टा करू नये, कारण तो त्यांना धर्माच्या शिकवणुकीतूनच मिळालेला आहे. मूर्ती काहीच नाही, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे आणि मूर्तींना वाहिलेले भुतांना वाहिले जाते, हे दहाव्या अध्यायात. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची, एकाच पत्रातली आहेत. ज्येष्ठ सभासदांनी पहिले निवडले आणि गटप्रमुखांनी दुसरे.

इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्यांत यावर एकमत आहे, असा कुणी तुमच्यापुढे आव आणला तर तो खरा मानू नका. असेम्ब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या चमत्कारी दानांवर भर देणाऱ्या) संघटनेने १९७२ मध्ये अधिकृत निवेदन काढून सांगितले की नव्याने जन्मलेल्या, म्हणजे मनापासून येशूचा स्वीकार केलेल्या, विश्वासणाऱ्याला भूतबाधा होऊ शकत नाही, तर सुटकेची सेवा करणारे कित्येक उपदेशक नेमके उलट सांगतात. तो विद्यार्थी बाप्तिस्मा घेतलेला विश्वासणारा असेल, तर गटप्रमुखांचे निदान खुद्द पेन्टेकॉस्टलांच्या एका मोठ्या गटालाच मान्य होणार नाही. जगभरच्या इव्हँजेलिकलांना एकत्र आणणाऱ्या लोझान चळवळीच्या एका गटाने १९९३ मध्ये आत्मिक युद्धावर निवेदन काढले. सैतानाशी झगडा खरा आहे, हे त्यात मान्य केले आहेच, पण दुरात्म्यांचाच ध्यास घेतला तर सैतान मोठा होतो आणि येशू नजरेआड जातो, माणूस स्वतःची जबाबदारी टाळू लागतो आणि युद्धाची भाषा माणसांविरुद्धच वळते, असे इशारेही त्यात आहेत. गटप्रमुखांशी बोलताना हे निवेदन हाताशी ठेवा, कारण ते त्यांच्याच घरातले आहे आणि बाहेरच्या टीकाकाराचे म्हणून त्यांना ते झटकता येणार नाही.

रात्रभराच्या सभांबद्दल एक घटना सांगणे भाग आहे. १९७४ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये एका माणसावर रात्रभर भुते काढण्याचा विधी झाला आणि सकाळी घरी गेल्यावर त्याने पत्नीचा खून केला. न्यायालयाने त्याला वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी चर्च ऑफ इंग्लंडने अशा सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सेवा वैद्यकीय मदतीच्या सहकार्याने व्हावी, अनुभवी आणि अधिकार दिलेल्या व्यक्तींनीच ती करावी, तिचा गाजावाजा कमीत कमी व्हावा आणि नंतरही त्या माणसाची काळजी घेतली जावी. नायजेरियातल्या आक्वा इबोम राज्यात तर मुलांवर चेटूक केल्याचे आरोप काही पाळकांकडूनच होऊ लागले आणि मुले घराबाहेर काढली जाऊ लागली, तेव्हा २००८ मध्ये मुलावर असा आरोप करणे हाच गुन्हा ठरवावा लागला. आरोप नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्याच्या माथी येतो, आणि तुमच्या मंडळीत तो एका झोप हरवलेल्या विद्यार्थ्याच्या माथी आलेला आहे.

तर शुक्रवारी काय करावे? प्रार्थनेला नकार देऊ नका, योजनेला द्या. गटप्रमुखांना आधी एकट्याला भेटा. चारचौघांत विरोध केला तर त्यांना माघार घ्यायला जागा उरत नाही. त्यांना सांगा की मी येईन, पण मुलगा वेळेवर गोळ्या घेईल, जेवेल आणि रात्री आपल्या वेळेला झोपेल. प्रार्थना दिवसा, अर्ध्या तासाची आणि त्याच्या ओळखीच्या दोन-तीन माणसांची असेल. त्याला कुणी दाबून धरणार नाही, त्याच्या तोंडून दुरात्म्याचे नाव वदवून घेणार नाही, कुणी मोबाइलवर चित्रण करणार नाही आणि त्याने थांबा म्हटले की सर्व जण थांबतील. मुलाची संमतीही तुम्ही स्वतः, गटप्रमुख समोर नसताना, विचारा, कारण जो दोघांचेही मुकाट्याने ऐकतो तो होकारही मुकाट्याने देईल. गटप्रमुखांनी या अटी मान्य केल्या नाहीत, तर मंडळीच्या पाळकांना लेखी कळवा आणि त्या रात्री मुलाला तुमच्या घरी किंवा विश्वासू मित्राच्या घरी झोपायला बोलवा. डॉक्टरांनाही कळवावे म्हणून त्याला तयार करा. त्याच्यावर काय दडपण आहे, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

डॉक्टर त्याच्या श्रद्धेची हेटाळणी करतील अशी त्याला भीती असेल, तर त्याला सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अंगात येण्याच्या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे, आणि एखाद्या समाजाच्या किंवा धर्माच्या मान्य रीतीचा भाग असलेल्या अनुभवाला तिथे आजार म्हटलेले नाही. चांगला मानसोपचारतज्ज्ञ त्याला आजोबांबद्दल विचारील. तुम्हीही विचारा. आजोबा कसे होते, कशावरून रागवायचे, त्यांच्या शेवटच्या दिवसांत हा तिथे होता का, अंत्यविधीला जाऊ शकला होता का. परदेशी शिकणाऱ्या मुलांना घरचे मरण पुष्कळदा फोनवर कळते आणि मग त्या दुःखाला जागाच मिळत नाही. मी असे निदान करत नाही, पण गेल्या काही महिन्यांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

ज्येष्ठ सभासदांकडेही एक काम सोपवा. त्यांना भुतांवर विश्वास ठेवायला सांगू नका. मुलाला रात्री एकटे वाटते, तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्यासोबत जेवावे आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्याच्याबरोबर जावे, एवढेच सांगा. आणि मुलाची हरकत नसेल, तर त्याच्या आईला फोन लावून द्या. आजोबांबद्दल मंडळीत काय बोलले जाते आहे ते तिला आधी सांगू नका. तिला फक्त विचारा की लहानपणी हा घाबरला की तुम्ही काय करत होता.